बेटावर जाऊन वर्क फ्रॉम होम करताय? मग आम्ही केल्या त्या चुका टाळा

आम्हाला बेटावर राहायचं खूळ लागलं ते जानेवारीत. चार दिवस अंदमान फिरलो, हॅवलॉक बेटाच्या राधानगर बीचवर वाळूत पाय रुतवून बसलो होतो आणि बायको म्हणाली, तसंही दोघांचं काम लॅपटॉपवरच आहे, मग नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटचं भाडं इथेच भरू की. झालं, मे संपायच्या आत बाडबिस्तारा घेऊन पोर्ट ब्लेअरला हजर. आईचं म्हणणं एवढंच, की नाशिकचा माणूस स्वखुशीने काळ्या पाण्यावर जाणारा तूच पहिला. तिथल्या एअरपोर्टला नावही आपल्या भगूरच्या सावरकरांचंच आहे, त्यामुळे तिचा टोमणा उतरल्या उतरल्या आठवला.

तर पहिली चूक हीच, जानेवारी बघून मेमधे शिफ्ट होणं. देशात मान्सून सगळ्यात आधी पोहोचतो तो तिथेच, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि मग वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस. आपल्या नाशिक शहरात 700 मिमी झाला तरी गोदेला पूर बघायला गर्दी होते, तिथे म्हणजे इगतपुरीला समुद्र जोडून दिलाय असं समजा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधेही कमी दाबाचे पट्टे आणि वादळं चालू असतातच, खरा कोरडा सीझन जानेवारी ते एप्रिल. म्हणून जायचंच असेल तर आधी जूनमधे पंधरा दिवस जाऊन राहा, आणि सुट्टी टाकून नाही, रोजचं काम करत. ते पंधरा दिवस निभावले तर बाकीचं वर्ष निघतं.

आता इंटरनेट, कारण सगळा खेळ त्याच्यावरच आहे. चेन्नईपासून अंदमान-निकोबारपर्यंत समुद्राखालून साधारण 2300 किमीची केबल टाकलीय, 10 ऑगस्ट 2020 ला ती सुरू झाली, त्याआधी सगळं सॅटेलाइटवर चालायचं. हे वाचून आम्ही खूश, की चला फायबर आलं म्हणजे प्रश्न मिटला. पण केबल बेटापर्यंत आली म्हणजे तुमच्या गल्लीत आली असं नाही ना. आम्ही घर घेतलं ते खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून, आणि तिथे नवीन कनेक्शनला तीन आठवडे गेले, तोपर्यंत दोघं जण एका हॉटस्पॉटवर. म्हणून घरमालकाला "नेट आहे का" असं विचारू नका, आहे असंच म्हणतात सगळे. आत्ता या घरात चालू कनेक्शन कुणाचं आहे ते विचारा, आणि टोकन द्यायच्या आधी संध्याकाळी आठ वाजता तिथे बसून एक व्हिडिओ कॉल करून बघा. सकाळी सहाला कुठलंही नेट पळतं.

मीटिंगमधे आवाज तुटत असेल तर लगेच नेटच्या कंपनीला फोन लावत बसू नका, आधी लॅपटॉप राउटरला वायरने जोडा. वायरवर नीट चाललं तर दोष तुमच्या वायफायचा, राउटर भिंतीआड असेल, जागा बदला. वायरवरही तेच रडगाणं असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सुरक्षित कनेक्शन, बंद करून बघा (ऑफिसने परवानगी दिली असेल तर). बंद केल्यावर सुधारलं तर आयटीवाल्यांना सांगून चेन्नईच्या जवळचा गेटवे (व्हीपीएन ज्या सर्व्हरमधून जातं तो) मागा, कारण तुमचा डेटा तसाही चेन्नईवरून जाणार, मग अजून चार गावं फिरवून आणायची काय गरज. आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम हवीतच, एकाची रेंज गेली की दुसरं.

लाइटचं पण असंच. बेटाची वीज मेनलँडच्या ग्रिडला जोडलेली नाही, बरीचशी तिथल्या तिथे डिझेलवर बनते, त्यामुळे लाइट जाणार हे धरूनच चाला. लॅपटॉपला बॅटरी असते पण राउटरला नसते, हे मला क्लायंटसमोर डेमो चालू असताना कळलं. राउटरचा छोटा यूपीएस नाशिकहूनच घेऊन जा. तरी नेट गेलंच तर जिन्याखाली जो कनेक्शनचा डबा असतो त्याला बॅकअप आहे का बघा, आमच्याकडे तिथेच घोडं अडलं होतं.

घड्याळाची चूक कुणी सांगत नाही. टाइम आपलाच, पण सूर्य आपला नाही. जूनमधे नाशकात सव्वासातला सूर्य मावळतो, तिथे पावणेसहाला, आणि नोव्हेंबरमधे तर पाचच्या आतच अंधार. आम्ही दहा ते सात हे नाशिकचं रूटीन तसंच ठेवलं, त्यामुळे पहिले दोन महिने आम्ही समुद्र फक्त शनिवार-रविवारी बघितला, बाकी दिवस नुसता ऐकला. मग मॅनेजरशी बोलून सकाळी सहा ते तीन करून घेतलं, तिथे पाचला लख्ख उजाडलेलं असतं त्यामुळे त्रास होत नाही. हे जायच्या आधीच बोलून घ्या.

दमट हवेचा अंदाज आपल्याकडच्या माणसाला येतच नाही. सोबत नेलेला चिवडा डबा उघडल्यावर दुसऱ्या दिवशी सादळला, महिन्याभरात चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी, आणि माझ्या लॅपटॉपच्या चार्जिंग पोर्टला चक्क गंज. समोरून खारं वारं येणारं घर फोटोत छान दिसतं, मशीनला वाईट. इलेक्ट्रॉनिक वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, एसीच्या खोलीतून बाहेर आणलेला लॅपटॉप लगेच चालू करू नका, पाणी धरतो. चार्जर एक जास्तीचा न्याच, कारण नाशकात जी वस्तू मेनरोडला जाऊन तासाभरात मिळते ती तिथे कुरियरने यायला किती दिवस लागतील ते पावसावर.

खाण्याचं म्हणाल तर मासे, नारळ भरपूर, पण बरीचशी भाजी-किराणा जहाजाने येतो. लासलगावच्या जिल्ह्यातली माणसं आम्ही, कांद्याचा भाव विचारून नुसते एकमेकांकडे बघत बसलो. गोडा मसाला मात्र भरून न्या.

हॅवलॉकला राहू का, असं सगळे विचारतात. माझ्या मते राहू नका. नोकरी असेल तर पोर्ट ब्लेअरमधेच राहा आणि हॅवलॉकला वीकेंडला जा. खराब हवामानात फेरी रद्द होतात, त्यामुळे फेरी आणि विमान एकाच दिवशी कधीच बुक करू नका, मधे एक रात्र ठेवा. मी चुलतभावाच्या हळदीला याच कारणाने पोहोचलो नाही, काकू अजून बोलत नाहीत. अजून एक, 2024 पासून पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव श्री विजयपुरम आहे आणि हॅवलॉकचं 2018 पासून स्वराज द्वीप, तिकीट किंवा कुरियरचा पत्ता सापडला नाही तर दुसऱ्या नावाने शोधा. बीचवर मगरीची पाटी असेल तर ती शोभेची नसते हेही सांगून ठेवतो.

बाली वगैरे डोक्यात असेल तर तो वेगळा हिशोब. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे रात्री साडेनऊचा अमेरिकेचा कॉल तिथे बारा वाजता. आणि न्येपी नावाच्या सणाला पूर्ण दिवस एअरपोर्टसकट सगळं बंद, मोबाईल डेटा सुद्धा, तेव्हा त्या तारखेला सुट्टीच टाका. टुरिस्ट व्हिसावर काम करण्याआधी आणि ऑफिसचा लॅपटॉप देशाबाहेर नेण्याआधी एचआरकडून लेखी घ्या, तोंडी "चालेल रे" चालत नाही.

राहता राहिली शेवटची चूक, आणि पैशाने सगळ्यात महाग तीच पडली. आम्ही जाताना नाशिकचा फ्लॅट सोडून दिला. ऑक्टोबरात परत आलो तर त्याच बिल्डिंगमधे भाडं वाढलेलं, डिपॉझिट नव्याने. निदान तीन महिने इथलं घर ठेवा, नाहीतर कुणाला तरी राहायला द्या. आमचं सामान अजून पेठ रोडला काकांच्या गोडाऊनमधे पडलंय, वॉशिंग मशीनसकट, आणि काकू बोलत नसल्यामुळे ते आणायला जायचं कुणी हा प्रश्न आहे.