आठवडाभर सुट्टी काढून राहिलेले पिक्चर थिएटरात बघताय? मग या चुका टाळा

तुमची सुट्टी सोमवार ते रविवार असते, थिएटरचा आठवडा मात्र शुक्रवार ते गुरुवार चालतो, आणि अर्धी गडबड इथेच होते. लोक सोमवारी सकाळी चहा पीत ॲप उघडतात, मस्त यादी करतात, हा आज, तो बुधवारी, आणि तो मराठी वाला शनिवारी आईला घेऊन निवांत बघू. शनिवारी तो मराठी पिक्चर गावात कुठेच नसतो, कारण शुक्रवारी कुठलातरी मोठा पिक्चर आला आणि सगळे स्क्रीन त्यानेच खाल्ले. शुक्रवारनंतरचे शो साधारण मंगळवार-बुधवारी दिसायला लागतात, त्यामुळे सोमवारी शनिवारचं काही दिसत नाही आणि आपण आपलं धरून चालतो की टाकतील अजून.

म्हणून क्रम उलटा लावा. जो पिक्चर जायच्या मार्गावर आहे तो सोमवार ते गुरुवारात संपवायचा, जो जोरात चालू आहे तो शुक्रवारनंतर बघितला तरी चालतो. जाणारा पिक्चर ओळखायला काही अक्कल लागत नाही, दिवसाला एकच शो उरलाय, तोही सकाळी साडेनऊला नाहीतर रात्री पावणेअकराला, आणि तुमच्या घरापासून सगळ्यात लांबच्या थिएटरात, की समजायचं याचा गुरुवार शेवटचा. आणि येत्या शुक्रवारी काय येतंय तेवढं आधीच बघून ठेवा, फार मोठं काही येत असेल तर बाकी सगळ्यांचंच कठीण आहे.

यादीत काय ठेवायचं यातही लोक गंडतात. जे सगळे बघतायत ते आधी, असं नका करू. मोठा हिंदी पिक्चर साधारण ८ आठवड्यांनी ओटीटीवर येतोच, मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांशी त्यांचं तसं ठरलेलंच असतं, म्हणजे हुकला तरी घरी बघता येतो. छोट्या मराठी पिक्चरची अशी खात्री नसते, बरेच तर ओटीटीवर यायला खूप वेळ घेतात आणि काही येतच नाहीत. माझं विचाराल तर आठवड्यात मराठी आधी, मग ज्याचा आवाज आणि पडदा महत्त्वाचा आहे ते, आणि घरगुती कॉमेडी वगैरे सगळ्यात शेवटी. तसं मल्टिप्लेक्सनी दुपारी १२ ते रात्री ९ च्या मध्ये मराठी शो ठेवावा असं सरकारने २०१५ मध्येच ठरवलं होतं, तरी मराठी पिक्चर शोधायला सकाळचेच शो चाळावे लागतात, आता काय बोलायचं.

दिवसाला दोन ठीक, तीन नको

ॲपवर २ तास ३५ मिनिटं दिसतं म्हणून ११ चा शो दीडला सुटेल असं समजू नका. जाहिराती आणि ट्रेलर १५-२० मिनिटं, इंटरव्हल तेवढाच, बाहेर पडताना लिफ्टची लाईन, सव्वादोन आरामात वाजतात. पुढचा पिक्चर अडीचचा घेतला तर जेवण गेलं, आणि दुसरं थिएटर शहराच्या त्या टोकाला असेल तर सुरुवातही गेली. पुण्यात कोथरूडला एक बघून विमाननगरला दुसरा, हे कागदावरच होतं. दोन्ही एकाच मल्टिप्लेक्सला बघा, मध्ये तासभर तरी ठेवा आणि बाहेर येऊन नीट जेवा, पॉपकॉर्नवर दिवस काढला की दुसऱ्या पिक्चरला डोकं दुखतंच. तिसरा घेतला तर कुठल्या पिक्चरमधला भाऊ कुठे मेला ते रात्री आठवत नाही. अंगावर घ्यायला काहीतरी न्या, दुपारी रिकाम्या हॉलमध्ये एसी फार लागतो.

पैसे कुठे जातात

वीकेंडला बघणं ही महागातली चूक, सुट्टी आहे ना मग मंगळवारी जा की. पीव्हीआर आयनॉक्सने २०२५ मध्ये मंगळवारी ९९ ते १४९ ची तिकिटं सुरू केली होती, अशा ऑफर बदलत असतात म्हणून त्या आठवड्यात चालू आहे का ते बघून घ्या. महिन्याचा पास घेणार असाल तर अटी वाचा, २०२३ मध्ये त्यांचा ६९९ रुपयांत १० पिक्चरचा पास आला तेव्हा लोकांनी धडाधड घेतला आणि मग कळलं की तो सोमवार ते गुरुवारच चालतो आणि आयमॅक्सला नाही. ऑनलाइनची कन्व्हिनियन्स फी एका तिकिटाला किरकोळ वाटते पण आठवडाभराची जोडून बघा, थिएटर घराजवळ असेल तर दुपारच्या शोला सरळ खिडकीवर जाऊन तिकीट काढा, हॉल रिकामाच असतो.

डब्यातून पोहे नेऊ नका, दारात काढून घेतील. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरला आहे असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय, पण प्यायचं पाणी त्यांनी फुकट द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत न्यायला द्यायचं हेही त्यातच आलं. तेव्हा ६० रुपयांची बाटली घ्यायच्या आधी पाण्याचा कूलर कुठे आहे ते विचारा, असतो कुठेतरी कोपऱ्यात.

तरीही गडबड झालीच तर

शोच कॅन्सल झाला: सकाळच्या शोला बुकिंगच नसेल तर असं होतं. निघायच्या आधी सीटचा नकाशा उघडून बघा, सगळा रिकामा दिसला तर थिएटरला फोन करा. आणि त्या दिवशी यादीतला दुसरा पिक्चर कुठे, किती वाजता आहे हे आधीच बघून ठेवलेलं बरं.

भाषा भलतीच निघाली: साउथचा पिक्चर एकाच थिएटरात हिंदी डब पण असतो आणि मूळ भाषेत इंग्रजी सबटायटलसह पण असतो, वेळ जवळपास सारखी, घाईत चुकीच्यावर बोट पडतं. पैसे भरायच्या आधी भाषा आणि टूडी-थ्रीडी एकदा वाचा.

पडदा काळपट दिसतोय, आवाज एकाच बाजूने येतोय, एसी बंद आहे: इंटरव्हलची वाट बघू नका. लगेच बाहेर जाऊन ड्युटी मॅनेजरला सांगा, आत बसून चुकचुक करून काही होत नाही, कारण प्रोजेक्शन रूममध्ये हल्ली बरेचदा कोणी बसलेलंच नसतं.

पोरं बरोबर असतील तर सर्टिफिकेट बघायला विसरू नका. पूर्वीच्या सरसकट यूए ऐवजी आता यूए ७+, १३+ आणि १६+ असं येतं, त्यात नेता येतं पण तुम्ही विचार करून न्यायचं असतं. ए असेल तर मात्र १८ च्या खालच्याला आईबाप बरोबर असले तरी सोडत नाहीत, आयडी मागतात, आणि तिथून परत पाठवलं तर तिकिटाचे पैसे मिळतील असं धरू नका.