पिल्लाचे चावणे थांबत नाही? या चुका टाळा

कुत्र्याच्या पिल्लाला तीन ते सहा आठवड्यांच्या वयात २८ दुधाचे दात येतात, साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. या काळात पिल्लू दिसेल ते तोंडात धरणारच. त्यामुळे ‘आमचे पिल्लू रागीट आहे’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा अडचण पिल्लाच्या स्वभावात नसून आपल्या प्रतिसादात असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हातालाच खेळणे बनवणे. पिल्लू लहान असताना त्याच्यासमोर बोटे नाचवायची, त्याला चावू द्यायचे, हसायचे आणि तेच पिल्लू चार महिन्यांचे झाले की त्याच गोष्टीसाठी रागवायचे, हे त्याला कळण्यासारखे नाही. दुसरी चूक याला लागूनच आहे. दात लागताच आपण हात झटकन मागे ओढतो. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे हे कुत्र्याच्या रक्तातच असल्यामुळे पिल्लू अधिक जोराने झेप घेते आणि ओरखडाही मोठा उठतो. हात जागीच सैल सोडावा, खेळ थांबवावा, तोंड सुटले की काही न बोलता उठून वीस-तीस सेकंद खोलीबाहेर किंवा फाटकाच्या पलीकडे जावे, आणि परत आल्यावर हाताऐवजी दोरीचे लांब खेळणे पुढे करावे. पाच-दहा मिनिटे कोंडून ठेवण्याने काही साधत नाही, कारण तोपर्यंत आपण कशामुळे एकटे पडलो हे पिल्लू विसरलेले असते.

नाकावर चापट मारणे, जबडा दाबून धरणे किंवा पाठीवर उताणे पाडून दाबून ठेवणे हे उपाय आजही सर्रास सुचवले जातात, पण ते पूर्णपणे टाळावेत. त्यातून पिल्लू हाताला भिऊ लागते, आणि भ्यालेले कुत्रे गुरगुरण्याची पूर्वसूचना न देता चावण्याची शक्यता वाढते. वेदना झाल्यासारखे किंचाळण्याचा सल्लाही सरसकट उपयोगी नाही. काही पिल्ले त्याने थबकतात, तर काही आणखी चेकाळतात. आपले पिल्लू दुसऱ्या प्रकारचे असेल, तर हा उपाय सोडून द्यावा.

झोपेकडे होणारे दुर्लक्ष हे चावण्याचे एक मोठे कारण असते. पिल्लाला दिवसभरात अठरा ते वीस तास झोप लागते. संध्याकाळी ते अचानक वेड्यासारखे धावू लागले आणि पायजम्याचा पाय सोडेना, तर त्याला आणखी खेळवून दमवण्याऐवजी शांत, अंधाऱ्या जागी झोपवावे. खेळणी निवडतानाही तारतम्य हवे. हाडे आणि शिंगे यांनी दात तुटू शकतात. नखाने दाबल्यावर किंचित दबेल इतपतच कठीण वस्तू योग्य. दात येताना ओला करून गोठवलेला कापड देखरेखीखाली चावायला दिल्यास हिरड्यांना आराम मिळतो.

घरातील एकाने खेळ थांबवायचा आणि दुसऱ्याने चावू द्यायचे, असे असेल तर वरील सगळे व्यर्थ ठरते. शिवाय नियम लागू केल्यावर सुरुवातीला चावणे वाढल्यासारखे वाटते. जुनी युक्ती चालेना म्हणून पिल्लू ती अधिक जोराने वापरून पाहते. नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण हार मानतात.

मात्र अंग ताठ करून, नजर रोखून, अन्नावर किंवा वस्तूवर उभे राहून पिल्लू गुरगुरत असेल, किंवा विशिष्ट ठिकाणी हात लावताच चावत असेल, तर तो खेळ नव्हे. अशा वेळी दुखणे नाही ना, हे आधी पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. चावण्याने त्वचा फाटली असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. रेबीजच्या लसीबाबतचा निर्णय त्यांच्यावरच सोपवावा.