मैत्रीवर आचारी म्हणून जायचंय? मग हे आधी ऐका

इंदूरच्या लग्नांत पाचशे पानं उठवणाऱ्या पोरांना वाटतं, अंटार्क्टिकात वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक म्हणजे चैनच. मी मैत्रीवर, म्हणजे तिथल्या भारतीय संशोधन केंद्रावर, हिवाळा काढलाय, म्हणून सांगतो. माणसं थोडी असतात, पण रोज तीच, आणि कोथिंबीर संपली म्हणून राजवाड्याच्या बाजारात पोरगं पिटाळता येत नाही.

आधी कागदपत्रांचं. मैत्री (1989) आणि भारती (2012) ही आपली दोन्ही केंद्रं वास्को, गोवा इथली नॅशनल सेंटर फॉर पोलर अँड ओशन रिसर्च ही सरकारी संस्था चालवते. आचारी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, जनरेटर मेकॅनिक अशा कंत्राटी जागांची जाहिरात तिच्याच साइटवर निघते, त्यामुळे एजंटाला दमडी देऊ नका. जिथं काम केलंत त्या मालकाकडून अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घ्या. ‘सराफ्याच्या खाऊगल्लीत सगळे ओळखतात भिया’ हे मुलाखतीत चालत नाही. वैद्यकीय तपासणी कडक असते, दातांची कामं आधीच उरकून टाका. हिवाळी तुकडीला उत्तराखंडातल्या औलीला आयटीबीपीकडे (भारत-तिबेट सीमा पोलीस) बर्फाची सवय करवतात.

आता खरं काम. रसदीचं जहाज उन्हाळ्यात येतं, म्हणजे आपल्या डिसेंबर-मार्चच्या सुमारास. ताजी भाजी त्यानंतर फार टिकत नाही. मग फ्रोझन, सुकवलेलं आणि डबाबंद. पहिल्या आठवड्यातच सगळा कोठार मोजून वहीत उतरवा आणि महिन्यांत वाटा. मटण उद्याचं असेल तर आजच बाहेर काढा. दगड झालेल्या मांसाला घाई कळत नाही. हिरवं संपलं की मूग-मटकीला मोड आणा, ताज्याची हौस बरीच भागते. जिरावन, म्हणजे आपला पोह्यांवरचा मसाला, घरून न्या, छोट्या हवाबंद पुड्यांत. पोह्यांवर ते भुरभुरलं की केरळचा माणूसही दुसऱ्यांदा ताटली पुढे करतो.

पाणी मैत्रीजवळच्या प्रियदर्शिनी तळ्यातून येतं, आणि ते गोठू न देता आत आणायला डिझेल जळतं. म्हणून भांडी आधी कागदानं पुसा, मग विसळा. तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही, डब्यात भरायचं.

कचऱ्यात ओला-सुका इंदूरवाल्याला शिकवायला नको, पण तिथला नियम आपल्या कचरागाडीपेक्षा कडक आहे. माद्रिद प्रोटोकॉल, म्हणजे अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपायचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे कोंबडीचं उरलंसुरलं एक तर जाळायचं, नाही तर परत न्यायचं, कारण रोग तिथल्या पक्ष्यांत जाऊ शकतो. सामान बांधताना थर्मोकोलचे मणी घालू नका, त्यांना तिथं बंदीच आहे. आणि स्कुआ हा तिथला समुद्रपक्षी दाराशी आला तरी त्याला पोळी टाकायची नाही. (आपल्या आईला हे पटणार नाही.)

आगीला सगळ्यांत जास्त भ्या. हवा कोरडी, वारा सोसाट्याचा, आणि अग्निशमन दल म्हणजे तुम्हीच. फोडणी गॅसवर असताना फोनवर जायचं नाही.

सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. कुणी रात्रभर जागतं, कुणी दुपारी उठतं. तुम्ही मात्र जेवण घड्याळाच्या ठोक्याला लावा. केंद्राचा दिवस स्वयंपाकघरातूनच चालतो.

गॅली ड्यूटी, म्हणजे स्वयंपाकघरातलं काम, पाळीपाळीनं सगळ्यांना असते, लीडरलाही. पीएचडी झालेल्या माणसाला ‘सर, जमलं तर’ म्हणत बसू नका. कांदा बारीक हवा की उभा, आणि किती, एवढं सांगा. ते ऐकतात.

21 जूनला मिडविंटर, म्हणजे तिथल्या हिवाळ्याचा मध्य, असतो, तिथली दिवाळीच. त्यासाठीचा सुका मेवा आणि दुधाची पावडर जहाज रिकामं होतानाच वेगळ्या पेटीत घाला, वर जाड पेननं ‘हात लावू नये’ लिहा, आणि पेटीची चावी स्वतःजवळ ठेवा.