सांधेदुखीवाल्यांनी थंडी कोकण-गोव्यात कशी काढावी : टोरोंटोहून निघण्यापासून परतण्यापर्यंत

जानेवारी लागला की टोरोंटोतल्या बऱ्याच मराठी घरांत गुडघ्यांचा विषय निघतो आणि त्यामागोमाग तिकिटांचा. थंडीचे तीन-साडेतीन महिने गावाकडे काढायची कल्पना चांगली आहे, पण 'तिकडे गरम असतं' एवढ्यावर विसंबून निघू नका. मँचेस्टर विद्यापीठाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अडीच हजारांहून अधिक लोकांनी आपल्या दुखण्याच्या रोजच्या नोंदी फोनवर केल्या होत्या. दुखणं वाढण्याशी संबंध दिसला तो दमट हवा, कमी हवादाब आणि जोराचा वारा यांच्याशी. एकट्या तापमानाशी ठळक संबंध आढळला नाही, आणि हवेचा एकूण परिणामही माफकच होता. गरम गावाचा मोठा फायदा वेगळाच असतो. तिथे बर्फावर घसरायची भीती नसते, जाड बूट चढवायचे नसतात, त्यामुळे माणूस रोज चालतो. सगळी आखणी या चालण्याभोवती करा.

गाव आणि तारखा

बहुतेकांची चूक इथेच होते. नातेवाईक पुण्यात किंवा नाशकात म्हणून मुक्कामही तिथेच. डिसेंबर-जानेवारीत तिथला पहाटेचा पारा १०-१२ अंशांवर येतो आणि घरात हीटिंग नसतं. टोरोंटोत बाहेर उणे दहा असलं तरी घरात २०-२१ अंश असतात. पुण्यात सकाळी साडेसहाला पलंगावरून पाय खाली टाकला की फरशीचा गारठा टाचेतून थेट घोट्यात शिरतो, बोटं आखडतात, चहाचा कप धरवत नाही. आमवात असलेल्यांचा सकाळचा ताठरपणा अशा घरात वाढल्यासारखा वाटला तर नवल नाही. कुटुंबाला भेटायला पुण्याला आठवडाभर जरूर जा, बिऱ्हाड मात्र रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याकडे करा. तिथे दिवसा ३२ अंशांच्या आसपास आणि रात्री साधारण २० अंश असतात.

१ डिसेंबर ते १५ मार्च, म्हणजे १०५ दिवस, हा काळ सोयीचा. त्याआधी पावसाळ्याच्या मागे राहिलेले डास असतात आणि मार्चच्या मध्यानंतर उकाडा घामटा काढतो.

ऑगस्टमध्येच करायची कामं

प्रवास विम्यात जुन्या आजाराला संरक्षण मिळतं ते तो आजार ठरावीक काळ 'स्थिर' असेल तरच. हा काळ बहुधा ९० किंवा १८० दिवसांचा असतो. गोळीचा डोस बदलला, नवं औषध सुरू झालं, एवढंच काय, डोस कमी झाला तरी काही पॉलिसींत स्थिरता मोडते. ९० दिवसांची अट आणि १ डिसेंबरचं विमान असेल तर मोजणी २ सप्टेंबरपासून सुरू होते. म्हणून सांधेतज्ज्ञांची भेट ऑगस्टमध्ये घ्या. अट १८० दिवसांची असेल तर मे महिन्यातच. पुढे औषध बदलायची खरंच गरज पडली तर विम्यापायी ते टाळू नका. बदल करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओची सरकारी आरोग्य योजना परदेशातल्या खर्चातला अगदी थोडा भाग देते, तिच्या भरवशावर राहू नका.

दिवसांचा हिशोब एका कागदावर मांडा. ओंटारिओच्या योजनेसाठी कुठल्याही १२ महिन्यांत १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं, म्हणजे १०५ दिवस बाहेर राहायला अडचण नाही. कॅनडाच्या वृद्धापकाळ पेन्शनला जोडून मिळणारी उत्पन्नपूरक रक्कम सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की थांबते. भारताच्या बाजूने आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं, त्यामुळे याच वर्षी उन्हाळ्यात लग्नासाठी महिनाभर येऊन गेला असाल तर तेही दिवस यात धरा. भारतातलं भाडं, व्याज वगैरे उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवसांनंतर कराचा प्रश्न उभा राहू शकतो. अशांनी सीएला आधी विचारावं.

औषधं : मोजून, वर थोडी जादा

आमवातावर आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या गोळीचे १०५ दिवसांत १५ डोस होतात. दर पंधरवड्याच्या अॅडॅलिम्युमॅब या इंजेक्शनासाठी आठ पेन (औषध भरलेली तयार इंजेक्शनं) धरा. ओंटारिओच्या औषध योजनेत एकावेळी १०० दिवसांचं औषध मिळतं, म्हणजे पाच दिवस कमी पडतात. प्रवासाचा लेखी पुरावा दाखवून जादा पुरवठा मागता येतो, तो निघण्याच्या महिनाभर आधी मागा.

इंजेक्शनं २ ते ८ अंशांत राहायला हवीत. ती कायम हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन सामानात गोठली तर फेकून द्यावी लागतात. शीतपिशवीतला बर्फाचा पॅक औषधाच्या खोक्याला थेट टेकू देऊ नका, मध्ये टॉवेल घाला. डॉक्टरांचं पत्र आणि चिठ्ठी सोबत असू द्या. अॅडॅलिम्युमॅबच्या माहितीपत्रकात ते बाहेर १४ दिवस चालतं असं लिहिलेलं असतं, पण ते २५ अंशांपर्यंत. कोकणात दुपारची खोली त्याहून बरीच तापते, तेव्हा त्या ओळीचा आधार घेऊ नका. घर ठरवतानाच वीज गेल्यावर फ्रिज चालू ठेवणारा इन्व्हर्टर आहे का ते विचारा. पेन मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरच्या जाळीला लागून नको, आणि शेजारी फ्रिजचा छोटा थर्मामीटर टाका.

मेथोट्रेक्सेटचा वार बदलू नका. टोरोंटो आणि भारतात साडेदहा तासांचं अंतर आहे. वार तोच ठेवला की काही तासांच्या फरकाने बिघडत नाही. डबीवर मोठ्या अक्षरांत 'फक्त रविवार' लिहा. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते, आणि घरात औषधं देणारं माणूस बदललं की ही चूक हमखास होऊ शकते.

घर पाहताना

समुद्र दिसतो का, हे शेवटी बघा. आधी या गोष्टी :

- तळमजला, किंवा चालू लिफ्ट. गॅलरीत जायला सुद्धा पायरी नसेल तर उत्तम.
- पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड. बैठक साधारण १५-१६ इंचांवर असते. गुडघे किंवा खुबा दुखत असेल तर वर ४ इंचांची उंच बैठक बसवा.
- कमोडजवळ आणि आंघोळीच्या जागी भिंतीत बोल्टने बसवलेला दांडा. रबरी चोषकाचा दांडा ओल्या टाइलवरून सुटतो, तोही नेमका भार टाकल्यावर.
- पलंग गुडघ्याच्या उंचीचा, म्हणजे १८ ते २० इंच. कोकणातल्या भाड्याच्या घरात गादी बऱ्याचदा जमिनीलगत असते.

घरमालकाला परदेशी पासपोर्टवाल्या भाडेकरूची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) आणि पासपोर्टची प्रत पहिल्याच दिवशी त्याच्या हातात द्या.

विमानात

व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगून ठेवा. 'मी चालतो की' म्हणणारे बाबाही मुंबईच्या इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभे राहिले की घरी पोचल्यावर दोन दिवस झोपून काढतात. जागा आतल्या वाटेकडेची घ्या, दर तासाला उठा, मधल्या वेळात घोटे वर-खाली हलवा. पायांवर सूज येत असेल किंवा रक्तात गुठळी होऊन गेली असेल तर पायांना दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

तिथला दिवस

पहिला आठवडा सुस्तच जातो, तो तसा जाऊ द्या. नंतर सकाळी साडेसात ते नऊ हा चालण्याचा वेळ ठेवा. सुरुवातीला दहा मिनिटं, मग दर तीन-चार दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर मागच्या पायरीवर या.

किनाऱ्यावर चालायचं तर ओहोटीच्या वेळी, पाण्यालगतच्या घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोटा दर पावलाला वळतो. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून एकाच बाजूने लांब गेलात तर एका पायावर सतत जास्त भार येतो. जेवढं गेलात तेवढंच त्याच वाटेने परत या. पायात बूट असावेत, अनवाणी नको. छातीएवढ्या पाण्यात शरीराचं बरंचसं वजन उचललं जातं, त्यामुळे पाण्यातलं चालणं गुडघ्यांना मानवतं, पण ते पोहण्याच्या तलावात करा. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यांवर पाण्याची ओढ फसवी आहे.

घरी खुर्चीत बसून गुडघा सरळ करा, पाच सेकंद धरा, सोडा. प्रत्येक पायाला दहा वेळा, दिवसातून दोनदा. मांडी घालून जेवायचा आग्रह होईल. टेबलावरच बसा, कोणी रागावत नाही.

काय बिघडतं

सांधे बरे करायला आलेल्या माणसाला चिकुनगुनिया झाला तर महिनोन्‌महिने सांधे धरतात. याचे डास दिवसा चावतात, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. सकाळी बाहेर पडतानाच डास पळवणारं मलम लावा, कुंडीखालच्या बशा दर आठवड्याला रिकाम्या करा. ताप आणि अंगदुखी आली तर डेंगी नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण हिशोबाने. कॅनडातून आणलेली टायलेनॉल आर्थ्रायटिस आणि भारतातली डोलो ६५० यांत औषध एकच आहे. दोन्ही मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच जाऊ नये. वयस्कर माणसांना डॉक्टर बहुधा ३ ग्रॅमवरच थांबवतात.

'एका गोळीत गुडघे मोकळे' असं सांगून मिळणारी बिननावाची पूड किंवा पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आठवडाभर बरं वाटतं, मग साखर आणि रक्तदाब चढतो. जुलाब लागले तर त्या आठवड्याचं मेथोट्रेक्सेट घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडं ते नीट बाहेर टाकत नाहीत. युरिक अॅसिडवाल्यांनी तारली, बांगडे, तिसऱ्या जपून खाव्यात, आणि सोबतीला बिअर तर नकोच.

दर महिन्या-दोन महिन्यांनी व्हायची रक्ततपासणी चुकवू नका, अहवाल टोरोंटोच्या डॉक्टरांना पाठवा.

परतताना

१५ मार्चला टोरोंटोत थंडी असतेच. जाड जाकीट आणि लोकरीचे मोजे चेक-इन बॅगेत टाकू नका, हातात ठेवा. परतल्यावर आठवड्याभरात रक्ततपासणीची वेळ निघण्याआधीच ठरवून ठेवा. आणि तिथे रोज पाऊण तास चालत होतात ते मॉलच्या कॉरिडॉरमध्ये दुसऱ्याच दिवसापासून सुरू करा. पंधरा दिवस खंड पडला तर मांडीचे स्नायू पुन्हा ढिले पडायला लागतात.