सर्कशीचा तंबू युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात नेताना या चुका टाळा

युरोपातील अनेक फिरत्या सर्कशी एकाच हंगामात दोन-तीन देशांत खेळ करतात. तंबू तोच असतो, खांब आणि तणावेही तेच असतात. बदलतो तो तपासणारा अधिकारी आणि त्याच्या हातातील नियम. युरोपीय मानकीकरण समितीने 2005 मध्ये ईएन 13782 (‘ईएन’ म्हणजे युरोपीय मानक) हे तंबूंच्या सुरक्षिततेचे मानक आणले आणि 2015 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. 50 चौरस मीटरहून मोठ्या तंबूंची भारगणना, स्थैर्य आणि मेखांची पकड तपासण्याची समान पद्धत त्यामुळे मिळाली. गणित एक झाले, परवानगी मात्र अजून एक झालेली नाही, आणि मुक्कामावर उभ्या राहणाऱ्या बऱ्याच अडचणींचे मूळ इथेच सापडते.

मानक म्हणजेच परवानगी असे समजणे

जर्मनीत बांधकामाचे कायदे राज्यांच्या हाती आहेत. तेथे तंबूचे आराखडे व गणना तपासून ठरावीक मुदतीची मंजुरी दिली जाते, तिची नोंद तपासणी-पुस्तकात होते आणि तंबू नव्या गावात उभारल्यावर स्थानिक अधिकारी तो जागेवर पाहू शकतो. फ्रान्समध्ये 23 जानेवारी 1985 च्या आदेशानुसार तंबूची स्वतंत्र सुरक्षा-नोंदवही असते आणि खेळाची परवानगी गावाचा महापौर देतो. जर्मन पुस्तक पुढे केले म्हणून फ्रेंच नोंदवही आपोआप तयार होत नाही. त्यामुळे ज्या देशात जायचे तेथील अधिकाऱ्याला कोणती कागदपत्रे, कोणत्या भाषेत आणि किती दिवस आधी हवी आहेत हे तारखा जाहीर करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

कापडाचा एकच दाखला पुरेल असे मानणे

जर्मनीचा बी1 आणि फ्रान्सचा एम2 हे दोन्ही वर्ग आगीला सहज बळी न पडणाऱ्या कापडाचे आहेत, पण त्यांच्या चाचण्या वेगळ्या आहेत: एकीत नमुना उभ्या धुराड्यात गॅसच्या ज्योतीवर धरतात, तर दुसरीत विजेच्या उष्ण तबकडीसमोर. एका वर्गावरून दुसरा गृहीत धरता येत नाही. साहित्य आगीत कसे वागते यासाठी ईएन 13501-1 या मानकाने सामायिक वर्गवारी दिली असली तरी जुन्या तंबूंवर अजून राष्ट्रीय शिक्केच दिसतात. कापड विकत घेतानाच उत्पादकाकडून सर्व देशांचे दाखले मागावेत, कारण नंतर चाचणी करायची तर छताचाच तुकडा कापून द्यावा लागतो. फाटलेल्या जागी लावलेल्या ठिगळाचा आणि बदललेल्या कनातीचा दाखलाही जवळ असावा. तपासणीत नेमकी हीच कागदे सापडत नाहीत.

वाऱ्याचा आकडा वाचताना होणारी गफलत

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती या चुकीची. ईएन 13782 मध्ये 5 मीटरपर्यंतच्या उंचीसाठी वाऱ्याचा दाब प्रति चौरस मीटर 0.5 किलोन्यूटन धरला आहे आणि 5 ते 10 मीटरसाठी 0.6. यातील 0.5 चा दाब म्हणजे साधारण ताशी 100 किलोमीटरचा झोत. हवामान खाते मात्र बहुधा दहा मिनिटांची सरासरी सांगते आणि प्रत्यक्षातील झोत तिच्या दीडपटही असू शकतो. अंदाजात ताशी 65 किलोमीटर वाचून निर्धास्त राहणाऱ्या व्यवस्थापकाचा तंबू अशा वेळी मर्यादेच्या अगदी काठावर उभा असतो. शिवाय हे आकडे संदर्भ-वेग (त्या भागातील गणनेसाठी ठरवलेला वाऱ्याचा मूळ वेग) सेकंदाला 28 मीटरपर्यंत असलेल्या प्रदेशांपुरतेच आहेत. त्याहून वादळी किनाऱ्यावर किंवा डोंगराळ मुलखात गणना नव्याने करून घेणे भाग आहे.

18 ऑगस्ट 2011 रोजी बेल्जियममध्ये हासेल्टजवळच्या पुकेलपॉप संगीत महोत्सवावर अचानक वादळ कोसळले, तंबू व मचाणे पडली आणि पाच माणसे दगावली. तो सर्कशीचा तंबू नव्हता, पण गर्दी, कापड आणि वारा यांचे नाते तेच आहे. फ्रेंच नियम सर्वसाधारणपणे ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्याला तंबू रिकामा करायला सांगतात. परंतु प्रेक्षकांना बाहेर काढायला वेळ लागतो, म्हणून सूचना देण्याचा वेग त्याच्या बराच खाली ठरवावा. वेगमापक मुख्य खांबाच्या माथ्यावर बसवावा आणि खेळ थांबवण्याचा अधिकार कोणाचा हे नावानिशी लिहून ठेवावे. तिकिटे विकली गेल्यानंतर हा निर्णय घेणे जड जाते.

मेखांची संख्या आराखड्यावरूनच ठरवणे

आराखड्यातील मेखांची संख्या ठरावीक प्रकारची माती गृहीत धरते. वाळूत, भराव टाकलेल्या मैदानात किंवा पावसाने भिजलेल्या गवताळ जमिनीत तीच मेख निम्म्या ताणातही वर येऊ शकते. काही मेखा ओढून पाहण्याची चाचणी प्रत्येक जागी करावी, आकडे नोंदवहीत लिहावेत आणि जोराचा पाऊस झाल्यास ती पुन्हा करावी. डांबरी जमिनीवर वजने ठेवायची असतील तर घर्षणाची गणना वेगळी लागते.

बर्फ आणि बैठका

बर्फाचा भार न धरता मंजूर झालेला तंबू हिवाळ्यात वापरायचा असेल, तर बर्फ पडू लागण्याआधीच आतली उष्णता सुरू करून संपूर्ण छतालगतच्या हवेचे तापमान 2 अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे लागते. बर्फ साचल्यावर हीटर लावून ही अट पूर्ण होत नाही. बैठकांचे सुटे मचाण ईएन 13200-6 या वेगळ्या मानकाखाली येते, तेव्हा त्याची गणना व कागदपत्रे तंबूच्या पुस्तकात शोधू नयेत, वेगळी सोबत न्यावीत.