तीनचाकीचा हँडब्रेक: लिव्हर घेण्याआधी गाडीखाली वाका

दुचाकी उभी करायची तर आपण स्टँड लावतो. पण अपंगांसाठी स्कूटर किंवा मोटारसायकलला जादा चाकं जोडून केलेल्या तीनचाकीला स्टँड नसतो आणि चाकं मोकळी असतात. गिअरची मोटारसायकल असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाकून वेळ मारून नेता येते. स्कूटरवर बेतलेल्या गाडीत तेही जमत नाही, कारण इंजिन बंद झालं की तिचा क्लच सुटतो आणि चाक फिरायला मोकळं होतं.

त्यात गाव नाशिक. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून ‘नवशिख’, अशी या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण गोदाघाटावरून सराफ बाजाराकडे चढणाऱ्या एखाद्या गल्लीत गाडी लावायची वेळ आली की पटते.

माझे मामा कुबड्या घेऊन चालतात. त्यांची गाडी तयार करणाऱ्याने डाव्या ब्रेक लिव्हरला नुसता, ओढलेला लिव्हर अडकवून ठेवणारा खटका बसवून ‘झाला हँडब्रेक’ म्हणून सांगितलं होतं. एकदा अशाच उतारावर मामा खाली उतरले, एक कुबडी टेकली, दुसरी काढायला सीटवर हात रेटला, आणि गाडी हातभर पुढे गेली. शेजारच्या फुलवाल्याने दंड धरला म्हणून निभावलं. माणूस चढता-उतरताना गाडीवर आडवा भार टाकतो, हँडब्रेक खरा तेव्हा लागतो. लिव्हर त्या क्षणासाठी निवडायचा.

दुकानात जाण्याआधी गाडीखाली बघा, ब्रेक नेमका कुठल्या चाकांना आहे. मागे एकच आस आणि दोन चाकं असतील तर ब्रेक दोन्ही चाकांना हवा. स्कूटरला दोन्ही बाजूंना जादा चाकं जोडलेली असतील (मोजली तर चार, पण बोलताना तीनचाकीच!), तर बहुतेक वेळा ब्रेक मधल्या मूळ चाकालाच असतो. जमीन उंचसखल असली आणि बाजूची चाकं उंचवट्यावर टेकून मधलं चाक हलकं झालं, की ब्रेक कितीही आवळा, गाडी घरंगळणारच. तिथे महागाचा लिव्हर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी बाजूच्या चाकांना ब्रेक करून घ्या, लिव्हरचं नंतर बघू.

मग थोडा हिशेब. गाडी 150 किलो, माणूस 70, सामान 20, असे 240 किलो धरा. आठ फुटांना एक फूट चढणाऱ्या उतारावर ही गाडी साधारण 240 भागिले 8, म्हणजे 30 किलोच्या जोराने खाली ओढली जाते. चाकाची त्रिज्या ब्रेकच्या ड्रमच्या (चाकातल्या डब्याच्या) त्रिज्येच्या तिप्पट असेल तर ड्रमवर त्याचे 90 किलो होतात. बोटांनी एवढा जोर लावायचा नसतो, तो लिव्हरने वाढवून द्यायचा असतो.

लिव्हर किती वाढवून देतो, हे दुकानातच पट्टीने मोजता येतं. बोटं जिथे पडतात तिथपासून लिव्हर ज्या खिळ्यावर फिरतो तिथपर्यंतचं अंतर, आणि त्या खिळ्यापासून वायरची निपल (टोकाची गोळी) बसते तिथपर्यंतचं अंतर. पहिलं 100 मिमी आणि दुसरं 25 मिमी असेल तर जोर चौपट होतो. 20 किलोने ओढलं की वायरला 80 किलो. पण फुकट काही मिळत नाही: बोटं 60 मिमी आत आली तर वायर 15 मिमीच सरकते. म्हणून चाकाजवळची ब्रेकची दांडी हाताने पूर्ण आवळून ती किती मिमी सरकते ते आधी मोजून ठेवा. लिव्हर तेवढी वायर ओढून वर थोडा शिल्लक राहिला पाहिजे. आज हँडलला टेकत असेल तर ब्रेकचे लायनर (आतलं घासणारं अस्तर) झिजल्यावर काय उरणार?

दोन चाकांचे ब्रेक एकाच लिव्हरवर असतील तर हा जोर दोघांत वाटला जातो, आणि तो सारखा वाटला जावा म्हणून मध्ये डुलणारी पट्टी लागते. ती नसली तर जास्त ताणलेली वायर एकच चाक धरते.

आता प्रकार. हँडलवरचा खटक्याचा लिव्हर स्वस्त आणि हाताशी असतो. हँडलचा पाइप 22 मिमी आहे की क्रूझरसारखा 25.4, एवढं बघून क्लॅम्प घ्या. पण तो रोजच्याच ब्रेकच्या वायरवर बसवला, तर वायर तुटल्यावर मागचा ब्रेक आणि हँडब्रेक एकदमच जातात. त्यातून 2019 नंतरच्या 125 सीसीपर्यंतच्या स्कूटरला बहुतेक जोडब्रेक असतो, डावा लिव्हर पुढचं चाकही धरतो. तिथे परस्पर वायर जोडून त्याचा तोल बिघडवू नका. वेगळी वायर घ्या.

मला स्वतःला मोटारीसारखा, सीटच्या बाजूचा, दात्यांचा लिव्हर पसंत आहे. दांडी लांब, त्यामुळे जोर कमी लागतो. बोटांत ताकद कमी असेल तर दुसरा विचारच नको. मात्र तो ज्या पत्र्यावर बसवाल तो वाकला तर दाते सांभाळूनही ब्रेक ढिला पडतो. थेट चासीला पट्टी वेल्ड करून घ्या. सातपूर-अंबडकडे असं काम करणारे मिळतात. आणि ज्या बाजूने उतरता त्याच्या विरुद्ध बाजूला बसवा, नाहीतर पायजमा अडकतो. मामांचा एकदा अडकलाच.

हायड्रॉलिक डिस्क असेल तर तेलाचा दाब खटक्याने अडवून गाडी सोडून जाऊ नका. सील किंचित गळलं किंवा तापलेली डिस्क निवली की पकड सुटते. उभ्या गाडीला यांत्रिक वायरच हवी.

वायर बसवल्यावर मागची चाकं उचलून हँडल दोन्ही टोकांना वळवा. वळवताना चाक अडखळलं तर वायर आखूड पडते आहे.

शेवटी उतारावर परीक्षा. चाकाच्या उताराकडच्या बाजूला दगड तयार ठेवा, सोबत एक जण उभा करा, इंजिन बंद करून नेहमीसारखे चढा-उतरा. एकदा तोंड चढाकडे, एकदा उताराकडे. दुसऱ्या वेळी भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात, म्हणून तीच परीक्षा कडक. नवी वायर पहिल्या आठवड्यात ताणून थोडी ढिली पडते, तेव्हा ॲडजस्टर एकदा आवळून घ्या. पावसाळ्याआधी वायरमध्ये तेल सोडा.

गाडीत केलेले बदल आरसीवर चढलेले नसतील तर ते कामही याच निमित्ताने उरका. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या कलम 52 चा हा विषय आहे, आणि एमएच-15 वाल्यांना, म्हणजे नाशिककरांना, त्यासाठी पेठ रोडचं आरटीओ ऑफिस गाठावं लागतं. मामांनी तिथे हँडब्रेक ओढून गाडी लावली, कुबड्या घेतल्या आणि मागे न बघता आत गेले.