काठीवरचं निळं पेट्रोल

वैमानिक व्हायला निघालेली सोलापूरची मुलं मला विचारतात, सगळ्यात आधी काय शिकू? मी सांगते, पेट्रोलचा हिशेब.

लहानपणी होटगी रोडवर बाबांची मोटारसायकल बंद पडली, की ते ती एका बाजूला कलती करायचे. तळाचं पेट्रोल खाली यायचं आणि आम्ही पंपापर्यंत पोचायचो. तो भरवसा डोक्यातून काढायला मला वेळ लागला. सेसना १७२ एस या छोट्या विमानाच्या टाक्यांत ५६ अमेरिकन गॅलन मावतं, पण धरायचं ५३, साधारण २०० लिटर. तळाचे ११ लिटर इंजिनला मिळतील याची खात्री नसते, म्हणून ते नाहीतच असं समजायचं.

उड्डाणाआधी टाकीत डिपस्टिक घालून स्वतः मोजा. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात काठीवरची ओली रेघ बघता बघता उडते. काठी काढताक्षणी आकडा वाचा, शंका आली तर पुसून पुन्हा बुडवा. आणि आलेल्या लिटरची लगेच मिनिटं करा.

हे मी चूक करून शिकले. जुलैत सोलापूरहून बारामतीकडे निघाले होते. अंतर ८५ नॉटिकल मैल, वेग १०० नॉट, म्हणजे ताशी १०० नॉटिकल मैल; म्हणून ५१ मिनिटं. समोरून पश्चिमेचा २५ नॉटचा वारा लागला. जमिनीवरचा वेग ७५ वर आला आणि ५१ ची ६८ मिनिटं झाली. ताशी ३२ लिटरने नऊ लिटर जास्तीचे गेले. त्यात इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण विरळ, म्हणजे पेट्रोल कमी, करायचं राहून गेलं, तो खर्च वेगळाच. उतरून डिप केलं तेव्हा राखीव पेट्रोलाला हात लागलेला होता. आतला काटा मात्र पाव टाकी दाखवत होता, आणि वाटभर मी त्याच्याकडेच बघत आले होते.

इन्स्ट्रक्टर सर रागावले नाहीत. शेजारी बसवून तोच हिशेब पुन्हा करायला लावला आणि विचारलं, "परत फिरायचं कितव्या मिनिटाला ठरवायला हवं होतं?" मला सांगता आलं नाही.

इंजिनला पेट्रोल न मिळण्याचे दोन प्रकार. टाकी रिकामी होणं हा एक. दुसऱ्यात पेट्रोल असतं, पण इंजिनापर्यंत पोचत नाही; बहुधा एका टाकीवरून दुसरीवर जायला टाकी बदलायची राहते. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात ज्या अपघातात गेले, त्या विमानात टाकी बदलायची खटकी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होती. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०१७ मध्ये सांगितलं, की इंधनाच्या हिशेबामुळे तिथे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात होतात. त्यांतले जवळपास निम्मे वैमानिक व्यावसायिक किंवा त्यावरच्या परवान्याचे होते, शिकाऊ फक्त २ टक्के. अनुभवाने ही चूक सुटत नाही, हे वाचून मी हादरले होते.

आता मांडीवरच्या पाटीवर दर खुणेच्या गावाला दोन आकडे लिहिते: किती वाजले आणि किती मिनिटांचं पेट्रोल उरलं. परत फिरायचं मिनिट मात्र इंजिन सुरू करण्याआधीच, लाल पेनने.